बॅटरीचे वय विचारा, मगच पैसे मोजा

आमच्या वस्तीतील एक भाऊ जुनी व्हॅन चालवतो. तारापूर एमआयडीसीतील कामगारांना पाळीच्या वेळेला बोईसर स्टेशनहून कारखान्यात सोडायचे आणि पाळी सुटली की परत आणायचे, हा त्याचा धंदा. त्याच्या घरातील पाच माणसांचे पोट त्या व्हॅनवर आहे. गेल्या पावसाळ्यात रात्रपाळी सुटली, गाडीत आठ कामगार बसले, भाऊने सेल्फ मारला आणि गाडीने नुसती खटखट केली. भर पावसात त्या दमलेल्या माणसांनी उतरून धक्का मारला. गाडी चालू झाली खरी, पण दुसऱ्या दिवशीही तोच प्रकार. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराने सांगितले, ‘गाडीचा भरवसा नसेल तर दुसरा बघतो.’

भाऊ आमच्याकडे आला तेव्हा आम्ही पहिला प्रश्न विचारला, ‘बॅटरी कधी घेतलीस? बिल कुठे आहे?’

‘दादा, ओळखीच्या माणसाकडून घेतली. जवळजवळ नवीच होती. बिल कशाला मागायचं?’

वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही पेशाने कारकून. आम्ही मेकॅनिक नाही. परंतु त्या ‘जवळजवळ नवी’ या दोन शब्दांनी आमच्या माणसांचे किती नुकसान होते ते पाहिल्यावर या विषयाची माहिती जमवली, गॅरेजमधील जाणत्या माणसांना विचारले, आणि ती आपल्यापुढे ठेवत आहोत.

बॅटरी म्हातारी का होते?

गाडीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेले गंधकाचे आम्ल. ही युक्ती फ्रान्सच्या गॅस्टन प्लांटे या शास्त्रज्ञाने 1859 मध्ये शोधली आणि आजही मूळ तत्त्व तेच आहे. वीज वापरली की पट्ट्यांवर शिशाचा पांढरट थर बसतो, चार्ज झाली की तो विरघळतो. गाडी अनेक दिवस उभी राहिली किंवा बॅटरी अर्धवट चार्ज राहिली, तर हाच थर कडक होतो आणि मग निघत नाही. तेवढा भाग कायमचा निकामी.

दुसरा शत्रू उष्णता. जाणकारांचा ढोबळ हिशेब असा की, तापमान दहा अंशांनी वाढले तर बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्म्यावर येते. म्हणून थंड देशातील बॅटरी जेवढी वर्षे टिकते तेवढी आपल्याकडे टिकेल अशी अपेक्षा करू नये. आपल्याकडे चांगली निगा राखली तर साधारण तीन ते चार वर्षे धरावीत. पाच वर्षे निघाली तर नशीब म्हणू नका, निगा म्हणा. गाडीला लिंबू-मिरची टांगून बॅटरीचे आयुष्य एक दिवसानेही वाढत नाही.

गंमत अशी की, बॅटरीला मारतो उन्हाळा आणि तिचा मृत्यू कळतो पावसाळ्यात. एप्रिल-मे महिन्यांत आतल्या पट्ट्या झिजतात. जून-जुलैत दिवे, वायपर आणि पंखा एकदम चालू ठेवावे लागतात, तेव्हा तिची कमजोरी उघडी पडते.

आपल्या भागाच्या आणखी दोन अडचणी आहेत. सातपाटी, केळवे, तारापूर, चिंचणी या किनाऱ्याच्या गावांत हवा खारी आणि दमट. त्याने टर्मिनल लवकर गंजतात. आणि स्टेशन ते कारखाना अशा छोट्या फेऱ्या. गाडी चालू करताना बॅटरीतून मोठा करंट जातो. तो भरून निघायला गाडी काही वेळ सलग चालावी लागते. चार किलोमीटर गेले, बंद केली, पुन्हा सेल्फ मारला, असे दिवसभर चालले तर खर्च जास्त आणि जमा कमी. अशा खात्याचे दिवाळे निघणारच!

आधी तपासा, मग दोष द्या

पालघरच्या आमच्या एका नातेवाइकांनी एका वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या. दोन्ही ‘खराब निघाल्या’. अखेर एका इलेक्ट्रिशियनने मीटर लावला. गाडी बंद असताना 12.5 व्होल्ट आणि चालू केल्यावरही 12.3 च. म्हणजे बॅटरी चांगली होती, तिला चार्ज करणारा अल्टरनेटर काम करत नव्हता. त्याचा पट्टा ढिला होता. शंभर-दोनशे रुपयांच्या कामासाठी हजारो रुपये गेले.

म्हणून हे आकडे लिहून ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी मीटरवर 12.6 च्या आसपास दाखवले तर बॅटरी भरलेली. 12.2 म्हणजे अर्धी. 12 च्या खाली म्हणजे रिकामी. गाडी चालू असताना 13.8 ते 14.5 दिसले पाहिजे. त्यापेक्षा कमी असेल तर अल्टरनेटर आणि पट्टा पाहा. 15 च्या वर जात असेल तर बॅटरी जादा चार्ज होऊन उकळते आहे. बॅटरी पूर्ण चार्ज करूनही सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर तिचे दिवस भरले. साधा मीटर काही शे रुपयांत मिळतो. चार गाडीवाल्यांनी मिळून एक घेतला तरी वस्तीचे काम भागते.

निगा फार अवघड नाही. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर महिन्यातून एकदा पाणी बघा. पट्ट्या बुडालेल्या हव्यात. फक्त डिस्टिल वॉटर घाला. नळाचे किंवा बोअरिंगचे पाणी नको, आणि कोणी सांगितले म्हणून वरून आम्ल तर मुळीच नको. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने साफ करा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडे करून वर व्हॅसलिन लावा. वायर काढताना आधी वजा, लावताना आधी अधिक. जवळ बिडी-काडी नको, कारण चार्ज होताना पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. आम्ल अंगावर वा डोळ्यात उडाले तर ताबडतोब भरपूर पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा.

नवी घेताना

एक्साइड घ्यावी की अ‍ॅमेरॉन, हा प्रश्न सगळे विचारतात. आमच्या मते नावापेक्षा तारीख महत्त्वाची. बॅटरी हे दुधासारखे आहे. नुसती फळीवर पडून राहिली तरी तिचा चार्ज कमी होतो. नामांकित कंपनीची पण वर्षभर धूळ खात पडलेली बॅटरी घेण्यात अर्थ नाही. बॅटरीवर बनवल्याची तारीख सांकेतिक अंकांत छापलेली असते. दुकानदाराला ती वाचून दाखवायला सांगा. शक्यतो तीन महिन्यांच्या आतली घ्या. ज्या दुकानात माल खपतो तिथे ताजा माल मिळतो. तिथेच मीटर लावून घ्या. 12.4 च्या वर आकडा हवा.

गाडीच्या पुस्तिकेत जेवढे अँपिअर-अवर लिहिले आहेत तेवढ्याच क्षमतेची आणि मापाची घ्या. अधिक-वजा टर्मिनल कोणत्या बाजूला आहेत तेही जुळले पाहिजे. इन्व्हर्टरची बॅटरी गाडीला आणि गाडीची इन्व्हर्टरला लावू नये. गाडीच्या बॅटरीत पट्ट्या पातळ असतात, क्षणभर मोठी ताकद देण्यासाठी. इन्व्हर्टरच्या बॅटरीत त्या जाड असतात, तासन्‌तास थोडी थोडी वीज देण्यासाठी. दोघींची कामे वेगळी.

वॉरंटी नीट वाचा. ‘48 महिने’ लिहिले असले तरी त्यात बहुधा दोन भाग असतात. पहिल्या भागात फुकट बदलून मिळते, दुसऱ्या भागात फक्त किमतीत सवलत. प्रवासी वाहतुकीच्या गाडीला मुदत अनेकदा कमी असते. म्हणून धंद्याची गाडी असेल तर तसे स्पष्ट सांगून त्या गाडीची मुदत विचारा. कार्डावर शिक्का, विक्रीची तारीख आणि बॅटरीचा नंबर, आणि सोबत पक्के बिल. यातले एकही राहू देऊ नका.

आता जमाखर्च मांडू. समजा नवी बॅटरी 5,000 रुपयांची आणि 40 महिने टिकली. महिन्याला 125 रुपये पडले. समजा ‘जवळजवळ नवी’ 2,000 ला मिळाली आणि आठ महिन्यांत बसली. महिन्याला 250 रुपये पडले. शिवाय बुडालेल्या फेऱ्या आणि गेलेला शब्द वेगळाच. गरिबाला स्वस्त वस्तू दुप्पट महाग पडते, ती अशी.

जुनी बॅटरी घरात नको

ही गोष्ट आमच्या माता-भगिनींनी विशेष लक्षात घ्यावी. जुनी बॅटरी अंगणात, पलंगाखाली ठेवू नका आणि शिसे काढण्यासाठी घरी फोडू नका. आफ्रिकेतील सेनेगल देशात डाकार शहरालगतच्या एका वस्तीत लोक जुन्या बॅटऱ्यांतील शिसे काढून विकत होते. 2007-08 मध्ये त्या विषाने तिथली 18 लहान मुले दगावली. तीही कष्टकऱ्यांचीच मुले होती. शिसे धुळीतून पोटात जाते आणि मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही.

जुनी बॅटरी नवी घेताना दुकानातच परत द्या आणि तिची किंमत बिलातून वजा करून घ्या. आपल्या देशात 2001 पासून बॅटऱ्या परत गोळा करण्याचे नियम आहेत आणि 2022 मध्ये नवे नियम आले. त्यानुसार ही जबाबदारी उत्पादकांवर आहे.

आणि मुदतीत बॅटरी बंद पडूनही दुकानदार टाळाटाळ करू लागला तर? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर फिरवा. तेवढ्याने भागले नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. पण बिल पाहिजे. कागद नसेल तर आपला हक्क सांगायचा कशाच्या जोरावर?

त्या भाऊने अखेर हप्त्याने नवी बॅटरी घेतली. या वेळी तारीख वाचली, मीटर लावून घेतला, बिल पिशवीत घालून आधी आमच्याकडे दाखवायला आला. ठेकेदाराने त्याला पुन्हा एक महिन्याची मुदत दिली. तो महिना निघाला आणि व्हॅन अजून त्याच पाळीवर आहे. बिलाची झेरॉक्स त्याच्या घरवालीने मुलांच्या शाळेच्या दाखल्यांबरोबर ट्रंकेत जपून ठेवली आहे. आपल्याही घरात ती जागा करावी, एवढेच आमचे सांगणे.