हिवाळा हाच अपवाद : आयर्लंडच्या घड्याळाची गोष्ट

जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ कादंबरीचा नायक ब्लूम डब्लिनच्या रस्त्याने जाताना डन्सिंक वेधशाळेच्या वेळेचा विचार करतो. पहिल्या वाचनात मी तो उल्लेख सोडून दिला होता. दुसऱ्या वेळी तिथेच अडलो. लंडनचे राज्य असताना डब्लिनला वेगळी वेळ कशी?

पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. डन्सिंक ग्रिनिचच्या पश्चिमेला सव्वासहा अंशांहून थोडे अधिक आहे, म्हणून तिथली माध्यान्ह २५ मिनिटे २१ सेकंद उशिरा होते. १८८० च्या कायद्याने हीच आयर्लंडची अधिकृत वेळ ठरवली होती.

एप्रिल १९१६ मध्ये डब्लिनचा ईस्टर उठाव चिरडला गेला. मे महिन्यात, महायुद्धाच्या काटकसरीपोटी, उन्हाळी वेळ लागू झाली आणि घड्याळे तासभर पुढे गेली. १ ऑक्टोबरला ब्रिटनने ती तासभर मागे घेतली. आयर्लंडमध्ये मात्र सुमारे ३५ मिनिटेच. राहिलेल्या २५ मिनिटांत डब्लिनची वेळ संपली.

मुंबईकरांना हे ओळखीचे वाटेल. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी तिच्या ३९ मिनिटे मागे असलेली मुंबईची वेळ शहरात १९५५ पर्यंत टिकून होती. आयर्लंडने मात्र १९२२ मध्ये स्वतःचे राज्य मिळाल्यावरही जुनी वेळ परत आणली नाही. बेलफास्ट ब्रिटनमध्येच राहिले होते. वेळ बदलली असती, तर फाळणीची रेघ घड्याळातही उमटली असती.

१९६८ मध्ये ब्रिटनप्रमाणेच आयर्लंडनेही वर्षभर ग्रिनिचच्या एक तास पुढे राहायचे ठरवले आणि कायद्यात त्याच वेळेला ‘प्रमाणवेळ’ म्हटले. हिवाळ्यातल्या काळोख्या सकाळींना लोक कंटाळले. १९७१ मध्ये ब्रिटनने प्रयोग सोडला. आयर्लंडने कायदा रद्द केला नाही, फक्त दुरुस्त केला : हिवाळ्यात एक तास मागे. म्हणून युरोपात इतरत्र उन्हाळी वेळ हा अपवाद असतो, तर आयर्लंडच्या कायद्यात हिवाळी!

२०१९ मध्ये युरोपीय संसदेने घड्याळे मागेपुढे करणे थांबवण्याच्या बाजूने मत दिले. आयर्लंडच्या सरकारने विरोध केला. डब्लिनने थांबवले आणि बेलफास्टने चालू ठेवले, तर एका बेटावर निम्मे वर्ष दोन वेळा होतील. कामासाठी, शाळेसाठी रोज सीमा ओलांडणाऱ्यांनी मग कोणते घड्याळ पाहायचे?

डन्सिंकची वेळ सूर्याने ठरवली होती. आजची वेळ सीमेने ठरवली आहे.