मावळतीचे आकाश आणि पायाशी उमललेले फूल

भाद्रपद-आश्विनात सह्याद्रीच्या पठारांवर सोनकीची पिवळी फुले दाटून येतात. मावळत्या सूर्यासमोर ती टिपण्याचा मोह हाती मोबाइल असलेल्या प्रत्येकाला होतो. परंतु छायाचित्र पाहिले की बहुधा निराशा पदरी पडते. आकाश रंगांनी भरलेले असते, फुले मात्र काळी पडलेली असतात. फुलांसाठी प्रकाश वाढवावा, तर आकाश पांढरेफटक होते. यामागील कार्यकारणभाव समजून घेतला, तर उपाय अवघड नाहीत.

आपला डोळा दृश्यावरून फिरताना उजेड-अंधाराशी सतत जुळवून घेतो. साध्या कॅमेऱ्याला मात्र संपूर्ण दृश्यासाठी एकदाच निर्णय घ्यावा लागतो. प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे याला छायाचित्रणात एक ‘स्टॉप’ म्हणतात. आकाश आणि फूल यांत पाच स्टॉपचा फरक असेल, तर आकाश फुलाच्या 32 पट उजळ असते. चौकटीत तेजस्वी आकाशाचा वाटा मोठा असला की कॅमेऱ्याचे मापन त्याच्याच बाजूने झुकते आणि फूल अंधारात राहते.

ही अडचण जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातील कलोडियनच्या काचपट्ट्या निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असत. त्यामुळे जमीन किंवा समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश कोरे होऊन जाई. फ्रान्समधील गुस्ताव ल ग्रे यांनी 1850च्या दशकात आपल्या काही सागरचित्रांसाठी समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह वापरल्या व क्षितिजरेषेवर त्या जोडून एकच चित्र छापले. आजच्या मोबाइलमधील ‘एचडीआर’ सुविधा कमी-अधिक प्रकाशाच्या अनेक प्रतिमा क्षणार्धात एकत्र करते. तिच्या मुळाशी हाच विचार आहे.

पहिला उपाय वेळेचा. सूर्यबिंब क्षितिजाआड गेल्यावरही काही मिनिटे आकाशात रंग टिकतात आणि आकाश व जमीन यांच्या उजेडातील अंतर कमी होते. पुष्कळ लोक सूर्य बुडताच परततात. खरे तर चांगला प्रकाश त्यानंतर मिळतो.

दुसरा उपाय फुलाला वेगळा प्रकाश देण्याचा. कॅमेरा ‘मॅन्युअल’वर ठेवून आधी आकाशाचे रंग नीट येतील असे मापन ठरवावे. मग फ्लॅश कमी शक्तीवर ठेवून, शक्य तर कॅमेऱ्यापासून सोडवून, बाजूने फुलावर टाकावा. अनेक कॅमेऱ्यांत फ्लॅशसोबत शटरचा वेग सेकंदाच्या 1/200 भागाच्या आसपासच मर्यादित ठेवावा लागतो. फ्लॅशचा पांढरा उजेड सांजप्रकाशात परका वाटतो, म्हणून त्यावर फिकट नारंगी जिलेटिन कागद लावावा. मोबाइलवर चित्र घेताना सोबत्याने दुसऱ्या मोबाइलच्या बॅटरीवर पतंगाचा पिवळा कागद धरून फूल उजळले तरी काम भागते. सूर्य अजून वर असेल, तर पांढरा पुठ्ठा सूर्याकडे तोंड करून धरावा. त्यावरून परतणारे ऊन फुलाची सावलीतली बाजू उजळते.

तिसरा उपाय वरच्या अर्ध्या भागात गडद आणि खाली स्वच्छ असलेल्या फिल्टरचा. पठाराचे क्षितिज सरळ असते, तेथे तो उत्तम चालतो. चौथा उपाय ल ग्रे यांचाच. तिपाईवर कॅमेरा स्थिर ठेवून आकाशासाठी एक आणि फुलांसाठी एक चित्र घ्यावे व नंतर संगणकावर दोन्ही जोडावीत. वारा असेल, तर फुले हलतात आणि जोड बिघडतो, म्हणून झुळूक थांबण्याची वाट पाहावी.

फूल आणि दूरचे डोंगर दोन्ही स्पष्ट हवे असतील, तर रुंद कोनाची लेन्स घेऊन फुलाच्या उंचीवर बसावे व छिद्र एफ/11 ते एफ/16 ठेवावे. जुन्या एसएलआर पद्धतीच्या कॅमेऱ्याच्या दर्शिकेतून थेट सूर्यबिंबाकडे पाहू नये, डोळ्याला इजा होते.

चित्रासाठी फुले तुडवणे मात्र सर्वथा अनुचित. 2012 साली जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या पश्चिम घाटातील कास पठारावर जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ आहे. पायवाट सोडून टाकलेले एक पाऊल पुढील वर्षीचा फुलोरा हिरावून घेऊ शकते.

फुलांना लागू पडणारा हा नियम माणसांनाही लागू पडतो. स्नेहसंमेलनात किंवा माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मावळतीकडे पाठ करून सामूहिक छायाचित्र काढले जाते. आकाश सुंदर येते आणि समोरचे चेहरे काळवंडतात. वीस वर्षांनी ते चित्र पाहणाऱ्याला कोण कुठे उभे होते, हे ओळखता येत नाही. इतिहासाच्या दृष्टीने असे चित्र जवळजवळ मुके असते. म्हणून मोबाइलच्या पडद्यावर आकाशाऐवजी चेहऱ्यावर बोट ठेवावे किंवा फ्लॅश सुरू करावा. सर्वांत सोपे म्हणजे मंडळींना मावळतीकडे तोंड करून उभे करावे. अशा प्रकाशात मागच्या रांगेतल्या मुलाचाही चेहरा ओळखू येतो.