आखूड नळीचं गणित

संपादकांनी विषय दिला होता ‘पाषाणची कार्बाईन’. पुण्याच्या पाषाण भागातल्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेत आखलेल्या एका आखूड बंदुकीवर लेख हवा होता. माहिती जमवायला बसलो आणि बंदूक बाजूला राहिली, मन अडकलं ते तिच्या काडतुसात. व्यास इन्सास रायफलच्या काडतुसाचाच, 5.56 मिलिमीटर, पण पितळी कवचाची लांबी 45 ऐवजी फक्त 30 मिलिमीटर. नळी आखूड करायची तर काडतूसही त्या नळीला साजेसं हवं, हा विचार या 15 मिलिमीटरच्या फरकात आहे. विचार पक्का आहे, म्हणूनच त्याच्या भवितव्याची काळजी वाटते.

पोलिसांच्या हातातली कार्बाईन मी निरखून पाहिली ती कन्नडजवळच्या पिशोरला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, पोलीस स्थापना दिनाच्या निमित्ताने, शाळकरी मुलांना शस्त्रं दाखवतात. टेबलावर सतरंजी, तिच्यावर लांबलचक एसएलआर आणि शेजारी डाव्या कुशीतून मॅगझिन निघालेली काळी कार्बाईन. हवालदारांनी मॅगझिन काढलं, बोल्ट मागे ओढला, चेंबर रिकामं असल्याची खात्री केली आणि मगच मुलांना पुढे बोलावलं. बोल्टच्या अंगावर तिरक्या धारा कोरलेल्या होत्या. आत साचलेली माती आणि काजळी त्या धारा खरवडून बाहेर टाकतात. मॅगझिनमध्ये गोळ्यांना वर ढकलणाऱ्या पट्टीला दोन छोटी रोलर होती, गोळी अडकू नये म्हणून. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “काका, ही छोटी आहे, मग हिची गोळी पण जवळच पडते का?” हवालदार म्हणाले, “जाते गं बाळा लांब, पण लांब गेल्यावर कामाची राहत नाही.”

ही कार्बाईन म्हणजे स्टर्लिंग. जॉर्ज पॅचेट यांची रचना, ब्रिटिश सैन्याने 1953 मध्ये स्वीकारलेली, पुढे परवान्यावर कानपूरला बनू लागलेली. नळी जेमतेम 196 मिलिमीटर. काडतूस 9 मिलिमीटरचं, मुळात पिस्तुलाचं. त्यात दारू थोडी आणि ती भरभर जळणारी. गोळी तोंडाशी येईपर्यंत तिचं काम आटोपलेलं असतं, त्यामुळे एवढी नळी पुरते. साधारण 8 ग्रॅमची गोळी सेकंदाला 390 मीटरच्या आसपास वेगाने सुटते, म्हणजे ऊर्जा सुमारे 600 ज्यूल. खोलीत, जिन्यात, गल्लीत हे पुरेसं आहे. पण शंभरेक मीटरपुढे ही जड, मंद गोळी झपाट्याने खाली येते, आणि आजची साधी बुलेटप्रूफ जाकिटं व हेल्मेटं तिला अडवतात.

मग रायफलचंच काडतूस आखूड नळीत का घालू नये? इथे खरा पेच सुरू होतो. झोका देताना फळीवर हात जितका वेळ टिकतो तितका झोका उंच जातो. नळीतला वायू गोळीला तसाच ढकलत असतो, आणि नळी संपली की तो हात सुटतो. रायफलच्या काडतुसातली दारू लांब नळीच्या हिशेबाने भरलेली असते. नळी कापली तर त्यातली बरीच दारू नळीबाहेर जळते. गोळीला पुरेसा वेग मिळत नाही, वापरणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र जाळ उठतो आणि कानठळ्या बसतात.

आकडे बोलके आहेत. अमेरिकेच्या एम-16 रायफलची नळी 508 मिलिमीटर, वेग सेकंदाला सुमारे 950 मीटर. तीच गोळी एम-4 कार्बाईनच्या 368 मिलिमीटर नळीतून सुमारे 905 मीटरने जाते. 140 मिलिमीटर कापून 45 मीटरचा तोटा, म्हणजे सौदा परवडला. आता रशियाकडे पाहा. एके-74 ची नळी 415 मिलिमीटर, वेग 900 मीटर. तिचीच आखूड बहीण एकेएस-74यू, नळी सुमारे 207 मिलिमीटर, वेग 735 मीटर. ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते, म्हणून इथे तब्बल एक तृतीयांश ऊर्जा गेली. काडतुसं वेगळी असली तरी कल स्पष्ट दिसतो: पहिली कापणी स्वस्त पडते, पुढची महाग. आणि 5.56 ची गोळी हलकी, चारेक ग्रॅमची. तिचा सगळा भरवसा वेगावर. वेग गेला की तिच्याकडे फारसं काही उरत नाही.

या पेचावर जगात वेगवेगळी उत्तरं निघाली. 7.62×39 हे एके-47 चं काडतूस. आठेक ग्रॅमची गोळी, 415 मिलिमीटर नळीतून 715 मीटर वेग. नळीचं छिद्र मोठं असल्याने वायू लवकर पसरतो आणि आपली ताकद लवकर देऊन टाकतो. नळी कापली तरी तोटा त्या मानाने कमी. पण धक्का जास्त आणि गोळीचा मार्ग लवकर वाकतो. बेल्जियमच्या एफएन कंपनीने 1990 च्या सुमारास 5.7×28 आणलं. अवघ्या 2 ग्रॅमची गोळी, 264 मिलिमीटर नळी, वेग 715 मीटर. ऊर्जा 9 मिलिमीटरपेक्षा कमी, तरी बारीक आणि वेगवान असल्याने ती जाकीट भेदते. अमेरिकेत 2011 मध्ये .300 ब्लॅकआउट प्रमाणित झालं. त्यांनी 5.56 च्याच कवचाचं तोंड रुंद करून त्यात जड गोळी बसवली. बोल्ट तोच, मॅगझिन तेच, बदलायची फक्त नळी.

पाषाणचं उत्तर यांच्या मधलं आहे. एआरडीई 1958 ची. इन्सास इथेच आखली गेली. त्या कुटुंबात रायफल, एलएमजी आणि कार्बाईन अशी तीन भावंडं असणार होती. पहिली दोन सैन्यात गेली, पूर्ण लांबीच्या काडतुसाची कार्बाईन मात्र रुजली नाही. तेव्हा इथल्या तंत्रज्ञांनी काडतुसालाच हात घातला: 5.56×30. दारू कमी, म्हणून जाळ आणि धक्का आटोक्यात; गोळीचा व्यास रायफलचाच. त्यातून उभी राहिली जेव्हीपीसी, म्हणजे जॉइंट व्हेंचर प्रोटेक्टिव्ह कार्बाईन. वजन सुमारे 3 किलो, मिनिटाला 700 हून अधिक फैरींचा दर, परिणामकारक पल्ला 100 मीटरहून जास्त, दस्ता आत सरकणारा, एका हातानेही चालवता येईल अशी. बंदूक कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीची, काडतूस खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीचं. खडकीचा हा कारखाना 1869 पासूनचा. उन्हाळ्याच्या काहिलीत आणि उंचावरच्या हिवाळ्यात चाचण्या झाल्या. 7 डिसेंबर 2020 रोजी सैन्याच्या वापरकर्ता चाचण्यांचा शेवटचा टप्पाही तिने सर्व निकषांवर पार केला. त्याआधीच गृह मंत्रालयाच्या चाचण्यांत ती उतरली होती आणि केंद्रीय दलं व काही राज्यांच्या पोलिसांनी खरेदीची प्रक्रियाही सुरू केली होती.

खरी अडचण यानंतरची आहे. काडतूस एकटं जगू शकत नाही. त्याला कवचं ओढणारी यंत्रं लागतात, वेगळा साठा, वेगळ्या पेट्या, सरावासाठी वेगळा कोटा लागतो. पिशोरहून कन्नडला येऊन घाट उतरलं आणि चाळीसगावमार्गे भुसावळ गाठलं की पुढे वरणगाव. तिथला आयुध निर्माणी कारखाना 1964 पासून लहान शस्त्रांच्या गोळ्या बनवतो आणि 5.56×45 ही तिथली सवयीची गोष्ट आहे. रुळलेल्या काडतुसामागे असं एक गावच्या गाव उभं असतं. नव्या काडतुसामागे ते उभं करावं लागतं.

सैन्याची बाजूही समजून घ्यायला हवी. त्यांच्याकडे इन्सासचं 5.56×45, एके-203 चं 7.62×39 आणि सिग-716 चं 7.62×51 असे तीन प्रकार आधीच आहेत. चकमकीत शेजारच्याची गोळी आपल्या बंदुकीत चालणार नसेल, तर जवान एकटा पडतो. कार्बाईनची सैन्याची खरेदी वर्षानुवर्षं रखडली. अमिरातीतल्या कॅराकल कंपनीकडून 93,895 कार्बाईन घ्यायचा बेतही 2020 मध्ये गुंडाळला गेला. पुढे सव्वाचार लाख कार्बाईनची मागणी निघाली ती 5.56×45 चीच, पल्ला 200 मीटर. त्यासाठी एआरडीईनेच वेगळी बंदूक आखली आणि 2025 मध्ये पुण्याच्या भारत फोर्जची त्याच बंदुकीची बोली सर्वांत कमी ठरली. पाषाणची बंदूक जिंकली, पाषाणचं काडतूस मागे राहिलं.

सैन्याचा निर्णय मला पटतो. त्यांचं मैदान मोठं आहे, पुरवठ्याची साखळी लांब आहे आणि आखूड नळीचा जाळ सोसूनही एकच गोळी सगळ्यांना चालणं त्यांना मोलाचं वाटत असेल तर ते योग्यच आहे. पोलिसांचं तसं नाही. त्यांचं अंतर म्हणजे बाजारपेठेतली गल्ली, एसटी स्टँड, रेल्वेचा फलाट, आणि समोरच्या माणसामागे उभी असलेली इतर माणसं. तिथे 200 मीटर पल्ला मिरवायचा नसतो. तिथे हवी धक्का कमी देणारी, ताब्यात राहणारी, जाकीट घातलेल्या हल्लेखोरासमोर निष्प्रभ न ठरणारी बंदूक. 5.56×30 नेमकं याच कामासाठी घडलं आहे.

मात्र त्याला जगवायचं तर चाचणीच्या प्रमाणपत्रावर थांबून भागणार नाही. पोलीस दलांनी ही बंदूक घेताना वर्षाच्या सरावाच्या गोळ्यांची मागणीही ठरलेली नोंदवली पाहिजे, कारण अधूनमधून आलेल्या चार मागण्यांवर कुठलाही कारखाना एक आख्खी उत्पादनसाखळी चालू ठेवत नाही. आणि वर्षातून मोजक्या गोळ्या झाडायला मिळणाऱ्या शिपायाच्या हातात उत्तम काडतूसही वाया जातं. खडकीच्या कारखान्याला खात्रीची मागणी आणि शिपायाला पुरेसा सराव, या दोन गोष्टींची तरतूद अंदाजपत्रकात दिसत नाही तोवर पाषाणच्या तंत्रज्ञांनी सोडवलेलं हे गणित कागदावरच बरोबर राहील.