दूरचित्रवाणी-उत्पन्नाची वाटणी, फुटबॉलमधील
सामन्यांचे प्रक्षेपण-हक्क विकून मिळणारे उत्पन्न व्यावसायिक क्लबांत विभागण्याची पद्धती. सामन्यास प्रतिस्पर्धी लागतोच. म्हणून त्याचे मूल्य एकट्या नामवंत क्लबाचे नसते, हे सामूहिक विक्रीमागील तत्त्व होय. इंग्लंडमधील प्रीमियर लीगमध्ये (स्थापना १९९२) देशांतर्गत हक्कांच्या वाटपयोग्य उत्पन्नापैकी ५०% सर्व वीस क्लबांना समान, २५% गुणतक्त्यातील अंतिम स्थानानुसार व २५% प्रक्षेपित सामन्यांच्या संख्येनुसार मिळते. परदेशी हक्कांचे उत्पन्न २०१८-१९ च्या हंगामापर्यंत समान वाटले जाई. पुढे त्यातील वाढीव रक्कम स्थानानुसार देण्यात येऊ लागली. स्पेनमध्ये मात्र दीर्घकाळ क्लब आपापले हक्क स्वतंत्रपणे विकत. त्यामुळे रेआल माद्रिद व बार्सेलोना यांचे उत्पन्न लहान क्लबांच्या कित्येक पट झाले. २०१५ च्या राजादेशाने तेथे सामूहिक विक्री बंधनकारक झाली. प्रीमियर लीगमधून खालच्या श्रेणीत उतरलेल्या क्लबांना जास्तीत जास्त तीन वर्षे साहाय्यक रक्कम मिळते. उत्पन्न एकाएकी घटले, तरी खेळाडूंचे वेतन त्यांना देता यावे, हा तिचा हेतू. तथापि ही रक्कम न मिळणारे त्या श्रेणीतील इतर क्लब स्पर्धेत मागे पडतात, असा आक्षेप घेतला जातो.