हाताचा इसब आणि हातावरचे पोट

ज्यांचे पोट हातावर आहे, त्यांच्याच हाताच्या दुखण्याकडे सर्वांचे दुर्लक्ष होते. आमच्या परिचयातील धुणीभांडी करणाऱ्या एका भगिनीच्या बोटांना भेगा पडल्या, खाज सुटली, पाणी येऊ लागले. "आमच्या मुलांना लागेल" म्हणून एका घराने तिचे काम बंद केले. हे निव्वळ अज्ञान होय. इसब स्पर्शाने पसरत नाही. पसरतात ते खरूज आणि गजकर्ण, तेही औषधाने बरे होतात. म्हणून आजार कोणता, हे प्रथम डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

आपल्या कातडीवर स्निग्धतेचा पातळ थर असतो. साबण, सोडा आणि सततचे पाणी तो धुऊन काढतात. रोज दोन तासांहून अधिक वेळ हात ओले राहिले की कातडी फुटू लागते. दुसरा प्रकार ॲलर्जीचा. बांधकामावरील आपल्या बांधवांना तो सिमेंटमधील क्रोमियममुळे होतो आणि एकदा जडला की सहसा आयुष्यभर राहतो. युरोपीय संघाने २००५ पासून सिमेंटमधील अशा क्रोमियमवर दहा लाखांत २ भाग अशी मर्यादा घातली आहे. स्वयंपाकाच्या कामावरील भगिनींच्या डाव्या हाताची पहिली तीन बोटेच फुटत असतील, तर लसूण सोलण्याचा संशय घ्यावा. नेमके कारण शोधण्यासाठी पाठीवर पट्ट्या चिकटवून ४८ तासांनी काढतात व त्वचा तपासतात.

उपाय खर्चाचा नाही, चिकाटीचा आहे. कामाला बसताना अंगठ्या काढाव्यात. आत सुती आणि वर रबरी मोजे घालावेत. सुती मोजे घामाने भिजले की बदलावेत. हात कोमट पाण्याने धुवावेत, बोटांच्या बेचक्या टिपाव्यात आणि कातडी किंचित ओलसर असतानाच साधे व्हॅसलीन चोळावे. हे दिवसातून अनेकदा करावे, एकदा करून भागत नाही. स्टिरॉइडचे मलम गुणकारी आहे, पण डॉक्टर सांगतील तितकेच दिवस. औषधाच्या दुकानातून मागून आणलेल्या मिश्र मलमांच्या ट्यूबा आम्ही घरोघरी पाहतो. खाज थांबते, पण पुढे कातडी पातळ पडते आणि गजकर्ण असेल तर ते लपून वाढते. पू किंवा सूज दिसली तर थांबू नये.

मोज्यांचा खर्च काम देणाऱ्याने करावा, हे मागताना संकोच कसला? आणि हात बरे दिसू लागले तरी आतली कातडी पूर्ववत व्हायला काही महिने लागतात; तोवर मोजे आणि व्हॅसलीन सोडू नये.