एक विहीर, नऊ फांद्या

गावाकडे सुट्टीत गेल्यावर विहिरीवर डोकावला असाल, तर एक गोष्ट कदाचित बघितली असेल. पाणी कमी पडायला लागलं की दरवेळी नवी विहीर खणत नाहीत. आहे त्याच विहिरीत खाली मशीन उतरवतात आणि तळाशी चार दिशांना आडवे बोअर मारतात. एखादा बोअर झऱ्याला लागला की काम फत्ते! विहीर एकच, पण पाणी चारही बाजूंनी येतं.

आता हीच कल्पना दोन-तीन किलोमीटर खोल न्या. तिथे माणूस उतरू शकत नाही, काही दिसत नाही आणि एक चूक झाली तर कोट्यवधी रुपये मातीत जातात. तेल आणि वायूच्या क्षेत्रात याला ‘मल्टिलॅटरल वेल’ म्हणतात. आपण तिला बहुशाखी विहीर म्हणूया.

तेलाचं तळं नसतंच

आधी एक गैरसमज काढून टाका. जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. तेल असतं खडकाच्या बारीक छिद्रांत, स्पंजमध्ये पाणी असावं तसं. म्हणून विहिरीचा किती भाग त्या खडकाला भिडतो, याला महत्त्व. समजा तेलाचा थर २० मीटर जाड आहे. सरळ उभी विहीर त्याला फक्त २० मीटर भिडणार. तीच थरात शिरून आडवी वळली, तर हजार मीटर भिडू शकते. आणि तिला फांद्या फुटल्या तर?

हा प्रश्न सोव्हिएत संघातल्या अलेक्झांडर ग्रिगोर्यान या अभियंत्याला पडला होता. झाड मुळं पसरून जास्त मातीला भिडतं, मग विहिरीने का नाही? १९५३ साली बाश्किरिया भागात, म्हणजे आजच्या रशियातल्या बाश्कोर्तोस्तानमध्ये, त्याने एका विहिरीला तेलाच्या थराजवळ नऊ फांद्या काढल्या. खर्च शेजारच्या साध्या विहिरीच्या दीडपट आला. तेल आलं सतरापट!

मग आज प्रत्येक विहीर बहुशाखी का नाही? खरी गोष्ट इथून सुरू होते.

आराखडा खालून वर

घर पायापासून वर बांधतात. विहीर खणतात वरून खाली, पण तिचा आराखडा खालून वर आखतात. पहिला प्रश्न असतो, तेल नेमकं कसं पसरलंय? एकावर एक वेगवेगळे थर असतील, तर प्रत्येक थरात एक फांदी, इमारतीच्या मजल्यांसारखी. एकच पातळ थर लांबवर पसरला असेल, तर दोन फांद्या विरुद्ध दिशांना. खडक घट्ट असेल, तर मधल्या आडव्या विहिरीला दोन्ही बाजूंनी छोट्या फांद्या. हा आकार माशाच्या काट्यासारखा दिसतो आणि त्याचं नावही ‘फिशबोन’च आहे.

नॉर्वेच्या समुद्रातलं ट्रोल क्षेत्र बघा. ते १९७९ मध्ये सापडलं. वर प्रचंड वायू आणि खाली तेलाचा पातळ थर, काही भागात तर जेमतेम ११ ते १३ मीटरचा. सुरुवातीला हे तेल काढणं परवडणार नाही असंच वाटत होतं. पुढे लांब आडव्या विहिरी आणि त्यांच्या फांद्यांनी ते तेल वर आणलं.

दुसरा प्रश्न सांध्याचा. मुख्य विहिरीत पोलादी केसिंग बसवलेली असते. फांदी जिथे काढायची तिथे एक तिरकी पोलादी पाचर बसवतात, तिला व्हिपस्टॉक म्हणतात. तिच्यावरून घसरत जाणारं कापणी यंत्र केसिंगला खिडकी पाडतं आणि त्या खिडकीतून ड्रिल बाहेर पडतं. ड्रिल कुठल्या दिशेला चाललंय ते कळावं म्हणून मागे सेन्सर असतात. ते विहिरीतल्या चिखलात दाबाच्या लहरी सोडून वर निरोप पाठवतात.

हा सांधाच सगळ्यात नाजूक. ठिसूळ शेलमध्ये केला तर ढासळू शकतो, म्हणून त्यासाठी भक्कम खडक शोधतात. सांध्यांच्या सहा पातळ्या ठरलेल्या आहेत. पहिलीत सगळं उघड्या खडकावर सोडलेलं, सहावीत केसिंगचा सांधाच पूर्ण दाब पेलतो. पातळी वाढली की भरवसा वाढतो आणि खर्चही.

तिसरा प्रश्न, फांद्यांचं आपसात जमणार का? एका फांदीत दाब जास्त असेल, तर तिचं तेल वर यायच्या ऐवजी दुसऱ्या फांदीत घुसू शकतं. एकीत पाणी शिरलं, तर सगळ्या विहिरीतून पाणीच यायला लागतं. म्हणून प्रत्येक फांदी वेगळी बंद करता येईल असे व्हॉल्व्ह लावायचे का, हे आधीच ठरवावं लागतं. नंतर सुचून उपयोग नाही.

एक गणित करून बघा

समजा साध्या विहिरीला १०० रुपये लागतात आणि ती कधी फसत नाही. दोन फांद्यांची विहीर १५० रुपयांत होते, पण चारपैकी एकदा सांधा फसतो आणि दोन्ही फांद्या जातात. अशा चार विहिरी खणल्या, तर खर्च ६०० रुपये आणि हाती फांद्या सहा. सहा साध्या विहिरींचा खर्च? तोही ६००! म्हणजे सगळी बचत एका सांध्याने खाल्ली.

पण हेच गणित आपल्या मुंबई हायवर न्या. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, ‘सागर सम्राट’ने १९७४ साली शोधलेलं हे क्षेत्र. तिथे प्लॅटफॉर्मवर विहिरींसाठी जागा मोजक्याच असतात. त्या भरल्या की सातवी साधी विहीर १०० रुपयांत होत नाही, नवा प्लॅटफॉर्म उभारावा लागतो. मग फांदीचा धोका पत्करण्यात अर्थ असतो. या क्षेत्राच्या पुनर्विकासात ओएनजीसीने आडव्या आणि बहुशाखी विहिरींचा आधार घेतला तो उगाच नाही. उत्तर विहिरीत नसतं, ती कुठे खणताय त्यात असतं.

यात तुमचं काय?

‘तेल तर संपणार, मग हे शिकून काय करू?’ असं मनात आलं असेल, तर रास्त आहे. पण खोल खडकात नेमकी फांदी काढण्याची विद्या तेलापुरती नाही. जर्मनीत बव्हेरियातल्या गेरेट्सरीडला २०२३ पासून अशाच फांद्या खणल्या गेल्या आहेत, जमिनीतली उष्णता वर आणण्यासाठी. तिथे तेलाचा थेंबही नको आहे.

धनबादची आयआयटी, गांधीनगर, अमेठी आणि आपलं पुणं, इथे पेट्रोलियम इंजिनीअरिंगचे अभ्यासक्रम आहेत. पण ही विहीर एकट्या इंजिनीअरची नसते. खडक ओळखणारा भूशास्त्राचा विद्यार्थी, धोक्याचा हिशेब मांडणारा संख्याशास्त्राचा, सेन्सर सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक्सचा, सगळे एका टेबलावर लागतात. तुम्ही यातल्या कुठल्याही शाखेत असाल, तर वरच्या गणितात सांधा चारऐवजी दहापैकी एकदा फसतो असं धरा आणि काय होतं ते बघा. कामाची सुरुवात तिथूनच होते.