विश्लेषण : स्क्रूसाठी खळगा नेमका किती खोल हवा?

बिजागरीच्या स्क्रूचे डोके वर राहिले, तर दार पूर्ण मिटत नाही. मग स्क्रू आत बसावा म्हणून खळगा आणखी खोल केला जातो. मात्र तो प्रमाणाबाहेर खोल गेला की जोडच कमकुवत होतो. घरच्या कपाटात त्याने फार तर फळी किंवा पट्टी वाया जाते. विमानाच्या पत्र्यात मात्र तो जीवघेणा ठरू शकतो.

काउंटरसिंक म्हणजे काय?

भोकाच्या तोंडाशी केलेला शंकूच्या आकाराचा खळगा म्हणजे काउंटरसिंक. चपट्या डोक्याचा स्क्रू त्यात बसला की पृष्ठभाग सपाट राहतो. शिवाय डोक्याचा दाब खळग्याच्या सगळ्या उतारावर सारखा पसरतो.

एका स्क्रूसाठी तीन कामे कोणती?

४ मिमी जाडीच्या स्क्रूने दोन फळ्या जोडायच्या असतील, तर खालच्या फळीत साधारण २.५ मिमीचे भोक पाडावे. लाकूड कठीण असेल तर ३ मिमीपर्यंत चालते. त्यामुळे आटे घट्ट बसतात आणि फळी तडकत नाही. वरच्या फळीतले भोक मात्र ४ मिमीहून किंचित मोठे हवे. आटे वरच्या फळीतही अडकले, तर स्क्रू कितीही आवळला तरी दोन फळ्यांमध्ये फट राहते. तिसरे काम खळग्याचे. ड्रिलचा वेग कमी ठेवून तो थोडा थोडा खोल करावा आणि दरवेळी स्क्रू ठेवून पाहावा.

मोठ्या ड्रिल बिटने खळगा केला तर?

अनेक जण तसेच करतात. पण मेट्रिक मापाच्या चपट्या स्क्रूच्या डोक्याचा कोन ९० अंश असतो, तर नेहमीच्या ड्रिल बिटच्या टोकाचा ११८ अंश. त्यामुळे डोके फक्त तळाशी टेकते, कडेला पोकळी राहते आणि सगळा दाब एका अरुंद कडेवर येतो. अमेरिकी मापाच्या स्क्रूसाठी कोन ८२ अंशांचा असतो. म्हणून बिट घेताना त्यावरचा कोन पाहावा.

पातळ पत्र्यात धोका कोणता?

४ मिमीच्या स्क्रूचे डोके साधारण ८ मिमी रुंद असते. ९० अंशांच्या कोनात ते पूर्ण बुडवायला सुमारे २ मिमी खोली लागते. पत्राच २ मिमीचा असेल, तर खळगा आरपार जातो आणि भोकाची कड सुरीच्या पात्यासारखी धारदार उरते. पत्र्यावर पुन्हा पुन्हा ताण आला की त्याच कडेपासून तडा सुरू होतो.

१९८८ मध्ये काय घडले?

२८ एप्रिल १९८८ रोजी अलोहा एअरलाइन्सचे बोइंग ७३७ हवाई बेटांमधील हिलोहून होनोलुलूला निघाले होते. सुमारे २४ हजार फूट उंचीवर त्याच्या छताचा जवळपास १८ फूट लांबीचा भाग उडाला. एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. विमान माउई बेटावर उतरवण्यात आले. त्याच्या पत्र्याची जाडी १ मिमीहूनही कमी होती आणि रिव्हेटच्या खळग्यांनी ती पूर्ण व्यापली होती. एकमेकांवर चढवलेल्या पत्र्यांमधील चिकट थर सुटला, भार रिव्हेटवर आला आणि त्या धारदार कडांपासून तडे वाढत गेले. विमानाने ८९ हजारांहून अधिक उड्डाणे केली होती. हे तडे देखभालीत वेळीच सापडले नाहीत, यावर चौकशी अहवालाने बोट ठेवले.

मग काय करावे?

खळग्याची खोली पत्र्याच्या जाडीच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त नसावी, असा सर्वसाधारण नियम आहे. पत्रा त्याहून पातळ असेल, तर डोके वर राहणारा गोल डोक्याचा स्क्रू वापरावा. विमानबांधणीत अशा ठिकाणी पत्रा न कापता दाबून खोलगट केला जातो. वस्तू शिकंजात घट्ट पकडावी, डोळ्यांवर चष्मा असावा आणि पहिला खळगा त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यावर करून पाहावा.